सोलापुरात बसून लाकडाचं धनुष्य करायचंय? डॉगवूड नाही मिळणार, धामण घ्या, आणि लाकूड गच्चीवर वाळवू नका

मी पहिलं धनुष्य करायला घेतलं ते मे महिन्यात आणि तिथंच फसलो. लाकूड लवकर वाळावं म्हणून गच्चीवर टाकलं, तिसऱ्या दिवशी वर जाऊन बघतो तर दोन्ही टोकांपासून वीत-वीतभर चिरा आत गेलेल्या, नख घातलं तर अख्खं आत जाईल एवढ्या. शेजारचे अण्णा, आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, खालूनच ओरडले, "काय बे, पापड वाळवायलास का?" ते लाकूड पुढं चुलीत गेलं. त्यानंतर अजून तीन गेले, प्रत्येक वेगळ्या चुकीनं. पाचवं टिकलं. आता जे सांगतोय ते त्या चार मेलेल्या लाकडांनी शिकवलेलं आहे.

आधी डॉगवूडचं बोलू, कारण बाहेरच्या देशातले हातानं धनुष्य करणारे लोक त्याचं नाव सारखं घेतात. कुत्र्याबित्र्याशी काही नाही, कॉर्नस नावाच्या गटातली छोटी झाडं आहेत ही, युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडं हिमालयात. दख्खनच्या काळ्या मातीत याचं काही काम नाही. लाकूड फार घट्ट, जड, चिवट. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांहून जुना माणूस सापडला, ज्याला ओट्झी म्हणतात, त्याच्या भात्यात १४ बाण होते, त्यातले दोनच पूर्ण झालेले, आणि त्या दोनातल्या एकाचा पुढचा तुकडा डॉगवूडचा होता. धनुष्य मात्र यू नावाच्या झाडाचं, १८२ सेंटिमीटर लांब, आणि तेही अर्धवट राहिलेलं. म्हणजे अर्धवट धनुष्य पडून राहण्याची परंपरा जुनी आहे, माझ्या बायकोला हे मी दोनदा सांगून बघितलंय.

पण आपल्या गावाशी डॉगवूडचा संबंध लागतो तो दुसरीकडून. अमेरिकेतल्या डॉगवूडचा सगळ्यात मोठा खप एकेकाळी धनुष्यात नव्हताच, कापडगिरण्यांचे धोटे करण्यात होता! मागाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला दिवसभर आपटत जाणारा धोटा, त्याला फुटून चालत नाही आणि कुसळ निघूनही चालत नाही, सूत तुटतं. हे लाकूड वापरून वापरून खरखरीत व्हायच्या ऐवजी गुळगुळीत होत जातं, म्हणून घ्यायचे. आमच्या घरी आजोबांचा मिलमधला एक जुना धोटा आहे, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मधे सुताच्या कांडीची पोकळी, आणि अंगावरून बोट फिरवलं की साबणावरून फिरवल्यासारखं वाटतं. धनुष्याच्या लाकडाला हेच दोन गुण लागतात, मार सोसायचा आणि रेषा सोडायची नाही. लाकूड निवडताना तो धोटा डोक्यात ठेवा.

कोणतं लाकूड

आपल्याकडं याला तोड म्हणजे धामण, साप नव्हे, त्या नावाचं झाड. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही नाव आहे, यावरूनच काय ते समजा. सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात, सातपुड्यात, विदर्भात होते. कुऱ्हाडीच्या दांड्याला गावोगावी हीच मागतात कारण हाताला झटका बसू देत नाही. सोलापूरच्या आसपास माळावर शोधत बसू नका, आणि कुठंही जंगलात जाऊन तोडू तर बिलकुल नका, वनखात्याचा गुन्हा लागतो. मी भोरकडच्या मित्राच्या मालकीच्या रानातून दोन सोट आणले, तेही त्याच्या वडिलांनी रीतसर विचारपूस करून मग तोडू दिले.

धामण मिळालीच नाही तर बुरुडाकडून मानवेलीचा भरीव बांबू घ्या, त्याचं धनुष्य छान होतं, पण करायची पद्धत जरा वेगळी, ते आज सांगत नाही. बाभूळ घरच्या बांधावर आहे म्हणून अनेकांना मोह होतो. लाकूड जड आहे, चिवट आहे, औताला चालतं, पण सरळ साडेपाच फुटाचा बिनगाठीचा तुकडा बाभळीत सापडला तर मला दाखवा.

सोट दोन इंच जाडीचा, साडेपाच ते सहा फूट लांब. सालीवरच्या रेषा बघा, त्या सोटाभोवती पिळलेल्या दिसल्या म्हणजे आतलं लाकूडही पिळलेलं आहे, सोडून द्या. एका बाजूला तरी गाठी नसलेली पट्टी पाहिजे, दुसऱ्या बाजूला थोड्या चालतील कारण ती बाजू आपण तासून टाकणार आहोत.

वाळवणं, म्हणजे खरी परीक्षा

डॉगवूड ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत आकारमानात जवळजवळ पाचवा हिस्सा आकसतं. म्हणूनच ते वाळताना फुटण्यासाठी बदनाम आहे, आणि म्हणूनच डॉगवूडवाल्यांची वाळवायची पद्धत आपल्याला सोलापुरात जशीच्या तशी उपयोगी पडते, कारण आपली हवाच कोरडी. लाकूड का फुटतं? बाहेरचा थर भराभर वाळून आकसतो, आत अजून ओल असते, आतला भाग आकसायला तयार नसतो, मग बाहेरचा थर ताणून ताणून फाटतो. म्हणजे बाहेरची ओल हळू जाऊ द्यायची, एवढंच सगळं शास्त्र.

तोडल्या तोडल्या, त्याच दिवशी, तासाभरात जमलं तर तासाभरात, दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या, वाळला की अजून एक. ओल टोकाकडून सगळ्यात जास्त वेगानं जाते. साल काढू नका. सोट घरातल्या सगळ्यात थंड आणि वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात आडवा ठेवा, आमच्यात पलंगाखाली ठेवला होता, चादरीत गुंडाळून. सोलापुरी चादरच पाहिजे असं नाही, पण घरात तीच निघते. शक्यतो थंडीत तोडा म्हणजे उन्हाळा यायच्या आधी निम्मी ओल हळू हळू जाते.

दोन-अडीच महिन्यांनी सोट उभा अर्धा करायचा, म्हणजे गाठींच्या बाजूचा भाग काढून टाकायचा आणि धनुष्याचा ढोबळ आकार द्यायचा. जाडी कमी झाली की आतली ओल बाहेर यायला वाट मिळते आणि फुटायची भीती कमी होते. आता साल काढायची (कशी ते पुढं), ती सालीकडची बाजू म्हणजे पाठ, तिला लाखेचं पॉलिश मारून ठेवा, तासलेली बाजू म्हणजे पोट, ते उघडं ठेवा, म्हणजे ओल पोटाकडूनच जाईल. आणि सरळ फळीला चार-पाच ठिकाणी बांधून ठेवा, नाहीतर केळ्यासारखं होतं.

वाळलं की नाही कसं कळायचं? किचनमधला वजनकाटा. दर दोन दिवसांनी वजन करून भिंतीवर पेन्सिलनं लिहायचं. माझं ढोबळ लाकूड पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं, मग ग्रॅम-दोन ग्रॅमनं, मग सलग दहा दिवस तोच आकडा. आकडा थांबला म्हणजे लाकूड हवेशी जुळलं. ओलसर लाकूड तासायला लोण्यासारखं वाटतं म्हणून घाई करू नका, ओलं धनुष्य एकदा वाकवलं की वाकलेलंच राहतं.

पाठ आणि पोट

आता दोन शब्द नीट समजून घ्या, याच्यावर सगळं उभं आहे. धनुष्य हातात धरलं की निशाणाकडं तोंड केलेली बाजू म्हणजे पाठ, आणि तुमच्याकडं असलेली बाजू म्हणजे पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचा एकही तंतू कापायचा नाही. साल काढली की खाली जो गुळगुळीत थर दिसतो तीच तुमची पाठ, झाडानंच करून दिलेली, तिला कानस नाही, रंधा नाही, कोयता तर नाहीच. साल बोथट चाकूनं किंवा काचेच्या तुकड्यानं हळू खरवडायची. माझं दुसरं लाकूड इथं गेलं, पाठ जरा ओबडधोबड दिसत होती म्हणून हौसेनं रंधा मारला, पुढं वाकवताना बरोबर तिथूनच कुसळ उचललं आणि ताडकन दोन तुकडे. (धामणीची साल फेकू नका, आतल्या सालीच्या तंतूंचा दोर वळतात.)

मापं माझ्या धनुष्याची देतो. माझी ओढ २६ इंच, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढल्यावर दोरीपासून पाठीपर्यंत. तिची दुप्पट ५२, मधला न वाकणारा भाग ८ इंच, झाले ६०, आणि नवशिक्या हाताला माफी म्हणून ४, एकूण ६४ इंच. लांब धनुष्य थोडं सुस्त असतं पण मोडत नाही, पहिल्यांदा करताना चार इंच वाचवायच्या नादात पडू नका.

मधली रेघ पट्टीनं ओढू नका. लाकडाचे तंतू जिकडं वळतात तिकडं रेघ वळू द्या, धनुष्य थोडं नागमोडी झालं तरी चालतं, तंतू तुटलेलं सरळ धनुष्य चालत नाही. मधे ४ इंच मूठ, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उतार, तिथून पुढं दोन पाती. पात्याची रुंदी निम्म्यापर्यंत दीड इंच, तिथून टोकाकडं निमुळती होत अर्धा इंच. जाडी उताराजवळ पाऊण इंचाच्या जरा वर ठेवा, टोकाला अर्धा इंच. हे सुरुवातीचं माप, शेवटचं माप लाकूड सांगतं.

हत्यारं फार लागत नाहीत. करवत, छोटा कोयता किंवा वाकस, लाकडाची रफ कानस आणि एक बारीक, पॉलिश पेपर, पकडायला शिकंजा. बाहेरचे लोक दोन मुठींची ओढसुरी वापरतात, ती इथं सहज मिळत नाही, अण्णांनी मला जुन्या कानशीला धार लावून दोन दांडे बसवून दिले. मापाला पोचायला अर्धा इंच राहिला की कोयता बाजूला ठेवा आणि फक्त कानस. कोयता एका फटक्यात जेवढं काढतो तेवढं काढायला कानशीला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटंच धनुष्य वाचवतात.

दोरी

सोलापूर म्हणजे सुताचं गाव, म्हणून मी आधी सुती दोरीच वळली. ताणते फार आणि खाचेत घासून झिजते, नाद सोडा. मोची वापरतात तो मेण लावलेला पॉलिएस्टर धागा घ्या. एक धागा बॅग मोजायच्या डिजिटल काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा, माझा साधारण ८ किलोला तुटला. धनुष्य १६ किलोचं, म्हणजे पूर्ण ओढायला १६ किलो जोर लागेल असं, करायचंय तर दोरीची एकूण ताकद चार-पाच पट पाहिजे, म्हणजे ८० किलोपर्यंत, दहा धागे झाले, मी बारा घेतले. सहा-सहाचे दोन जुडगे करायचे, मधमाशीचं मेण चोळायचं, प्रत्येक जुडग्याला बाहेरच्या बाजूला पीळ द्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर उलट्या दिशेनं आत टाकत जायचं. आज्जी वाती वळायची तसं म्हणा, फक्त इथं दोन वाती एकमेकींत. वरच्या टोकाला असा पिळाचा फास, खालच्या टोकाला दोरी खाचेभोवती फिरवून स्वतःवरच तीन वेढे. खाचा टोकापासून पाऊण इंचावर, दोन्ही कडांना आणि पोटाकडं तिरक्या, पाठीवर खाच आणायची नाही.

वाकवून वाकवून जुळवणं

याला टिलरिंग म्हणतात आणि माझे सगळ्यात जास्त दिवस इथं गेले, तुमचेही जाऊ द्या. आधी टोक जमिनीला टेकवून मूठ दाबून बघा, पातं थोडं तरी वाकायला पाहिजे. वाकतच नसेल तर पूर्ण लांबीवर सारखं काढा. मग धनुष्यापेक्षा थोडी लांब, सैल दोरी लावा आणि भिंतीवर मूठ बसेल असा लाकडी आधार ठोका, खाली कप्पी लावा, दोर लांबवर आणा. धनुष्य मोडलं तर तुम्ही त्याच्यासमोर नको, एवढ्यासाठी लांब. भिंतीवर पेन्सिलनं चौकटी आखल्या की कुठलं पातं जास्त वाकतंय ते लगेच दिसतं. मी मोबाईल स्टूलवर ठेवून व्हिडिओ काढायचो, मग तो थांबवून थांबवून बघायचो.

नियम दोनच आहेत, पण ते मोडले की लाकूड मोडतं. जिथं कडक आहे, वाकत नाही, तिथलंच पोटाकडचं लाकूड काढा, जिथं जास्त वाकतंय तिथं पेन्सिलनं फुली मारा आणि त्या फुलीला हात लावू नका. आणि वाकण्यात दोष दिसला त्याच्या पुढं एक इंचही ओढू नका. दर वेळी थोडं काढलं की तीस वेळा कमी ओढीवर हळू ओढा आणि हळूच परत जाऊ द्या, दोरी हातातून सोडायची नाही, लाकडाला कळायला वेळ लागतो, लगेच बघितलं तर खोटा आकार दिसतो आणि तुम्ही अजून काढता. माझं तिसरं लाकूड असंच, एका रात्रीत पूर्ण करायचा हट्ट, डाव्या पात्यात मधेच कोपर झालं. कोपर म्हणजे पातं गोल न वाकता एका जागी मोडल्यासारखं वाकतं. एकदा कोपर पडलं की बाकीचं पातं तेवढंच पातळ करावं लागतं आणि १६ किलोचं धनुष्य पोराच्या खेळण्याएवढं होतं.

कोपर डोळ्याला दिसायच्या आधी पकडायची युक्ती सांगतो. सहा इंचाची स्टीलपट्टी वाकलेल्या पात्याच्या पोटावर टेकवा आणि सरकवत जा, पट्टीच्या मधोमध जी फट दिसते ती सगळीकडं सारखी पाहिजे. जिथं फट एकदम वाढली तिथं फुली. जिथं फट बंद झाली तिथं कानस, पण चार-पाच फटकेच, मग परत तीस वेळा ओढा.

सैल दोरीवर दोन्ही पाती दहा-बारा इंच सारखी वाकायला लागली की आखूड दोरी चढवा, पहिल्यांदा मुठीपासून तीन इंच अंतरावर, जुळलं की सहा इंचावर. मुठीवर हात ठेवून अंगठा उभा केला की अंगठ्याच्या टोकाला दोरी लागली पाहिजे, जुनं माप आहे. खालचं पातं वरच्यापेक्षा जरा कडक ठेवतात कारण बाण मुठीच्या वरून जातो. दोरी मुठीच्या मधून जात नसेल, एका कडेला सरकत असेल, तर पातं पिळलेलं आहे. तेवढाच भाग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून वाफवा, एक इंच जाडीला तासभर असा हिशोब, आणि गरम असतानाच उलट पीळ देऊन शिकंज्यात अडकवा. वाफवलं की चार-पाच दिवस धनुष्य ओढायचं नाही, मुरू द्या.

इथून पुढं ओढ इंचाइंचानं वाढवा, काटा लावून. काट्यानं १६ किलो कधीच ओलांडायचे नाहीत, ओढ पूर्ण झाली नसली तरी. १८ इंचावरच १६ किलो झाले तर तिथं थांबा, पोट सगळीकडं सारखं पातळ करा, परत ओढा. २५ इंचाला १६ किलो आले की कानस बंद, शेवटच्या पॉलिश पेपरमध्ये किलोभर सहज जातो. पोटाकडं आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात का बघत राहा, नखानं जाणवतात, त्या म्हणजे पोट दबून चुरगळायला लागलंय आणि तिथं जास्त वाकतंय.

बाण, तेल आणि सांभाळ

बाणाला सरळ बारीक बांबूच्या काड्या, त्याचा वेगळा कारभार आहे. निशाण मात्र सोलापूरसारखं स्वस्त कुठं होत नाही, टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या पोत्यात गच्च दाबून भरायच्या, बाण अडकतो पण मोडत नाही. पोत्यामागं भिंत किंवा मातीचा ढीग पाहिजे आणि मागून कुणी जात नाही हे आधी बघायचं, पोरं, कुत्री, सगळं. शिकारीचा विचार डोक्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा वाचा, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला तर हे घेऊन फिरूही नका. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, बाणाला जायची ताकद सगळी लाकडात परत येते. पाहुणे आले की पहिलं हेच करतात, म्हणून पाहुण्यांच्या हातात देताना दोरी उतरवून द्या.

शेवटी जवसाचं तेल, हातानं चोळून, पातळ, दोन दिवसांच्या अंतरानं चार-पाच हात. करडईचं घरात असतं म्हणून लावाल तर वाळायला कंटाळा येईल इतका वेळ घेतं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता अडकते आणि आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. फडकं पाण्यात बुडवा, मग पसरून वाळत घाला.

दोरी रोज उतरवायची. धनुष्य आडवं दोन खुंट्यांवर ठेवायचं, कोपऱ्यात भिंतीला टेकवून नाही. एप्रिल-मेच्या दुपारी बाण मारू नका, लाकूड एवढं कोरडं पडतं की ठिसूळ होतं, मी सकाळी सातच्या आधी मारतो. पावसाळ्यात उलट, ओल धरून मऊ पडतं, तेव्हा ओढ दोन इंच कमी ठेवा. माझं पाचवं धनुष्य आता दोन उन्हाळे काढून झालंय, दोरी उतरवल्यावर टोकं सव्वा इंच पोटाकडं वळलेली राहतात, काट्यावर साडेचौदा किलो दाखवतं. अण्णांनी परवा हातात घेतलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, माझ्या कुऱ्हाडीला दांडा कधी करतोस?